शिकोकूत सायकल: किलोमीटर नंतर मोजा, आधी संध्याकाळचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, वय पन्नाशीच्या आसपास. पुणे-गोवा झालंय, कोकणातला सागरी रस्ता झालाय. आता जपानच्या ग्रामीण भागात आठ-नऊ दिवस, वाटाड्या किंवा मागून येणारी गाडी न घेता सायकलनं फिरायचंय. रोज ९०-१०० किलोमीटरचा बेत आहे. दोघांपैकी एक जण पक्का शाकाहारी. टोकियो ते क्योतो करावं की होक्काइडो, की आणखी काही?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. टोकियो-क्योतो नको, त्यातला बराचसा रस्ता शहरं, सिग्नल आणि गोदामांमधून जातो. होक्काइडो सुंदर आहे, पण तिथली अंतरं मोठी आहेत आणि मोसम आखूड. शिवाय होक्काइडोत आणि होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर भागात अस्वलांचा प्रश्न सध्या गंभीर आहे. शिकोकू या दक्षिणेकडच्या बेटावर अस्वलं जवळपास संपलीच, त्सुरुगी डोंगराच्या परिसरात मोजकी उरली आहेत आणि आपला रस्ता तिथून दूर आहे. म्हणून पहिल्या खेपेला शिकोकूचा हा मार्ग सुचवतो: होन्शूवरच्या ओनोमिचीहून शिमानामी काइदो या बेटं-पुलांच्या रस्त्यानं समुद्र ओलांडून इमाबारी, तिथून मात्सुयामा, किनाऱ्यानं ओझू, मग उवाजिमा आणि शेवटी शिमांतो नदीच्या काठानं नाकामुरा. रोज ३०-६० किलोमीटर, त्याहून जास्त नाही.

१०० किलोमीटर तुमचे पाय सहज काढतील, त्याबद्दल शंका नाही. अडचण दिवसाच्या दुसऱ्या टोकाला येते. खेड्यातल्या मिन्शुकू किंवा र्योकानमध्ये, म्हणजे घरगुती खाणावळवजा मुक्कामात, रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला मांडलं जातं. त्याआधी तुम्ही येऊन अंघोळ उरकलेली असावी अशी अपेक्षा असते. म्हणजे पोचायचं साडेचार-पाचला. त्यात नोव्हेंबरच्या मध्याला तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगरातल्या दरीत त्याआधीच काळोख होतो. गावातली लोकसंख्या म्हातारी, दुकानं थोडी, आणि हॉटेल म्हणून जे एक असतं ते नेमकं त्या दिवशी बंद असू शकतं. आपल्याकडे रात्री नऊला धाब्यावर थांबून ‘काय आहे?’ विचारता येतं, तिथे ते चालत नाही. उशीर होणार असेल तर फोन करून कळवायचंच. न कळवता उशिरा जाणं तिथे फार वाईट दिसतं, आणि कधी कधी ती माणसं काळजीनं शोधाशोध सुरू करतात.

आता मार्ग. ओसाकाहून शिनकानसेननं फुकुयामा, तिथून सान्यो मार्गाच्या साध्या गाडीनं वीस मिनिटांत ओनोमिची. शिन-ओनोमिची नावाचंही स्टेशन आहे, पण ते गावाबाहेर. ओनोमिची स्टेशनासमोर मात्र थेट धक्का आहे. पहिला पूल सायकलसाठी सोयीचा नाही, म्हणून मुकाइशिमा बेटावर छोट्या फेरीनं जायचं. काही मिनिटांचाच प्रवास. तिथून रस्त्याच्या कडेला निळी रेघ सुरू होते ती सुमारे ७० किलोमीटरवर इमाबारीपर्यंत सोबत करते. मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा, ओशिमा अशी सहा बेटं.

हे पूल उंचावर असल्यानं त्यांच्यापर्यंत सायकलसाठी वेगळे वळणावळणाचे चढ काढलेत, साधारण तीन टक्क्यांचे. ताम्हिणी चढलेल्या माणसाला ते चढ वाटणारच नाहीत. इन्नोशिमाच्या पुलावर सायकल मोटारींच्या डोक्यावरून नाही, खालच्या मजल्यावरून जाते. तातारा पूल १९९९चा, मधला गाळा ८९० मीटरचा. शेवटचा कुरुशिमा म्हणजे एकापाठोपाठ एक असे तीन झुलते पूल, एकूण चार किलोमीटर. खालच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाह १० नॉटपर्यंत जातो आणि वरून पाण्यातले भोवरे चक्क दिसतात. तिथे अर्धा तास ठेवा.

बहुतेक लोक हे ७० किलोमीटर एका दिवसात उरकतात. मला ते पटत नाही. पहिल्या दिवशी ३० किलोमीटर करून इकुचिजिमावरच्या सेतोदा गावात मुक्काम करा. लिंबांसाठी प्रसिद्ध बेट, गावात जुनी गल्ली, आणि कोसान्जी मंदिराच्या मागे इटलीच्या कारारा संगमरवरानं मढवलेली आख्खी टेकडी. दुपारी चारनंतर एक दिवसवाले सायकलस्वार निघून जातात आणि बेट बेटासारखं होतं. दुसऱ्या दिवशी ओमिशिमावर ओयामाझुमी देवस्थानाचा फेरा घालता येतो. त्यांच्या संग्रहातली चिलखतं आणि तलवारी पाहण्यासारख्या आहेत. ओशिमावर किरोसान टेकडीचा चढ मात्र खरा आहे, लहान गिअर हवा. वरची दर्शनगच्ची केंगो कुमा यांनी १९९४मध्ये टेकडीच्या पोटात दडवून बांधली, खालून ती दिसतच नाही. पाय थकले असतील तर सोडून द्या, कुरुशिमासाठी उजेड राखणं जास्त महत्त्वाचं.

इमाबारी ते मात्सुयामा ५० किलोमीटरच्या आतबाहेर. राष्ट्रीय मार्ग १९६, बराचसा समुद्राकाठून. रस्ता बरा, वर्दळ आहे, सांगण्यासारखं फार नाही. लवकर पोचून दोगो ओन्सेनला जा. मुख्य लाकडी इमारत १८९४ची, अनेक वर्षांच्या डागडुजीनंतर २०२४मध्ये पुन्हा पूर्ण उघडली. अंघोळीच्या कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून साबणानं स्वच्छ व्हायचं, कुंडात कपडे नाहीत, पंचाही पाण्यात बुडवायचा नाही. पहिल्या पाच मिनिटांचा संकोच, मग मांड्या आणि पाठ तुम्हाला दुवा देतील.

मात्सुयामा ते ओझू हा माझा सगळ्यात आवडता दिवस. साठेक किलोमीटर. इयो गाव ओलांडलं की मार्ग ३७८ समुद्राला चिकटतो आणि तीसेक किलोमीटर सोडत नाही. वाटेत शिमोनादा स्टेशन लागतं, फलाटासमोर फक्त पाणी. फोटोवाल्यांची गर्दी असते, पण थांबा. नागाहामाला हिजी नदी समुद्राला मिळते, तिच्यावर १९३५चा लाल पूल आहे ज्याचा एक भाग बोटींसाठी वर उचलला जातो. इथे एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. ऑक्टोबर ते मार्चच्या काही सकाळी ओझूच्या खोऱ्यात साठलेलं गार धुकं या नदीच्या तोंडातून जोरात समुद्राकडे सुटतं. बघायला अद्भुत, समोरून अंगावर घ्यायला अजिबात नाही. तुम्ही दुपारी नदीच्या वरच्या अंगाला जात असाल, तेव्हा हा वारा शमलेला असतो. उलट दिशेनं सहल आखणाऱ्यांना मात्र सकाळी तो पाठीवर फुकट मिळतो.

ओझूला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून उचिकोला जाऊन या, जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर. जपानी मेणाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं गाव, त्या व्यापाऱ्यांचे पिवळसर गिलाव्याचे वाडे एका रांगेत उभे आहेत. आठ दिवसांत एक दिवस असा सैल ठेवायचाच. पाऊस आला तर तो दिवस पावसाला देता येतो, नाही आला तर उचिको.

ओझू ते उवाजिमा अंतर चाळीसेक किलोमीटर, पण याच दिवशी बोगदे आहेत. तोसाका बोगदा किलोमीटरपेक्षा लांब, आणि राष्ट्रीय मार्ग ५६वर ट्रक असतात. ग्रामीण जपानमध्ये मला भीती वाटते ती एवढ्या एकाच गोष्टीची. जुन्या बोगद्यांत पदपथ असला तर हातभर रुंदीचा, आतला आवाज असा की मागून दुचाकी येतेय की ट्रक ते कळत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, तोही एक नाही, दोन: एक सीटखाली, एक हेल्मेटवर. चमकणारं जाकीट घाला. बोगद्याच्या तोंडाशी थांबून मागचा वाहनांचा गठ्ठा जाऊ द्या, मग शिरा. काही बोगद्यांच्या तोंडाशी पायी यात्रेकरूंसाठी पेटीत चमकणारे पट्टे ठेवलेले असतात, दुसऱ्या टोकाच्या पेटीत ते परत टाकायचे. बोगदा चुकवणारा जुना घाटरस्ता नकाशावर दिसला की मोह होतो. जा, पण आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या मालकाला विचारून. दरड पडून तो बंद असला, तर चढून गेल्यावर कुंपण आणि ‘त्सूकोदोमे’ची, म्हणजे ‘रस्ता बंद’ची पाटी भेटते. २०१८च्या जुलैच्या अतिवृष्टीत ओझू, सेइयो, उवाजिमा हाच पट्टा बुडाला आणि घसरला होता, तेव्हा या डोंगरांना गृहीत धरू नका. वाटेत उनोमाचीला १८८२ची काइमेई शाळा आहे, तिथे डबा खायला थांबा.

हे यात्रेकरू म्हणजे ८८ मंदिरांची शिकोकू परिक्रमा करणारे ‘हेनरो’. पांढरा सदरा, वेताची टोपी, हातात काठी. पूर्ण फेरी साधारण १२०० किलोमीटर. या परंपरेचा तुम्हालाही फायदा होतो. वाटसरूला काहीतरी देणं हे इथे पुण्यकर्म, त्याला ‘ओसेत्ताइ’ म्हणतात. एखादी आजी अचानक संत्री हातात ठेवते. नको म्हणू नये. पैसे तर मुळीच देऊ नयेत. दोन्ही हातांनी घ्यावं, वाकून आभार मानावेत. वारीच्या वाटेवर राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

शेवटचे दोन दिवस शिमांतोचे. उवाजिमा ते एकावासाकी ४० किलोमीटरच्या आसपास. मात्सुनोला स्टेशनच्याच इमारतीत गरम पाण्याचं स्नानगृह आणि बाहेर पाय बुडवायचं कुंड आहे. पुढे हिरोमी नदी शिमांतोला मिळते आणि मग नाकामुरापर्यंत चाळीसेक किलोमीटर नदी तुमच्या शेजारी. नदीची एकूण लांबी १९६ किलोमीटर. तिच्यावरचे ‘चिंकाबाशी’ हे कठडे नसलेले बुटके पूल. पूर आला की ते पाण्याखाली जातात, आणि कठडे नसल्यानं वाहत आलेली झाडं अडकून पूल तुटत नाही. आपल्याकडचे जुने फरशी पूल आठवा, तेच तत्त्व. सायकल मधून चालवा, वारा असेल तर उतरून ढकला. समोरून गाडी आली तर पुलावर शिरण्याआधी तिला वाट द्या. मार्ग ४४१ काही ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे, आंधळ्या वळणांवर घंटी नाही, कान वापरा. या दोन दिवसांत दुकानं जवळपास नाहीत. उवाजिमातच दोन दिवसांचं खाणं भरून घ्या.

खाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण शाकाहारी माणसाची सहल इथेच मोडते. अडचण मांसाची नाही, ‘दाशी’ची आहे. सुकवलेल्या बोनितो माशाचं हे पाणी सूपमध्ये, भाजीत, उदोन नावाच्या जाड शेवयांच्या रश्श्यात, अगदी सोया सॉसच्या काही प्रकारांतही असतं. ‘मांस नको’ म्हटलं की समोरचा आनंदानं मासे आणतो, ‘मासे नकोत’ म्हटलं की भाजी येते पण दाशीत शिजवलेली. मांस, मासे, दाशी, अंडी यांतलं काय चालत नाही ते जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा, आणि खोली आरक्षित करतानाच कळवा. लहान मुक्काम नम्रपणे नकार देतील. राग मानू नका, त्यांच्या स्वयंपाकघरात तो पर्यायच नसतो. अशा ठिकाणी ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय नुसती खोली घ्या.

मग जेवायचं काय? सुपरमार्केटमध्ये पॅकबंद शिजवलेला भात मिळतो, कोन्बिनीच्या म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतो. घरून मेतकूट, लसणाची चटणी, दाण्याचं कूट, छोट्या बाटलीत तूप. खोलीत पाणी उकळायची किटली जवळपास नक्की असते, म्हणजे झटपट उपमा, पोहे होतात. वर तोफू, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, थंडीच्या दिवसांत भाजलेलं रताळं. इमाबारी ते उवाजिमा ज्यात येतं तो एहिमे हा संत्र्यांचा प्रांत, ऑक्टोबरपासून रस्त्याकडेला मालकाविना टपऱ्यांवर पिशव्या टांगलेल्या असतात, शंभर येनचं नाणं डब्यात टाकायचं. म्हणून सुटी नाणी खिशात हवीत. ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, ‘उमे’ या आंबट खारवलेल्या फळाची त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी वेष्टन फोनच्या कॅमेऱ्यानं वाचून घ्या, माशाचा अर्क निघू शकतो. मात्सुयामासारख्या शहरात नेपाळी माणसांनी चालवलेली ‘इंडियन करी’ची हॉटेलं सापडतात, तिथे डाळ-नान मिळते. मसाले आणि कोरडा फराळ नेताना चालतो, पण ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं, मांसाचं काहीही विमानतळावर अडतं.

जो मांसाहारी आहे त्यानं उवाजिमाला ताइमेशी खावं, कच्च्या ताइ माशाचे काप कालवून गरम भातावर. बाकी स्तुती करत नाही, घरात भांडण नको.

सायकल स्वतःची न्या. शिमानामीवर भाड्यानं उत्तम सायकली मिळतात आणि एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडता येतात, पण त्या इमाबारीपलीकडे नाकामुरापर्यंत नेता येत नाहीत. स्वतःची सायकल रेल्वेत न्यायची तर ‘रिंको’ पिशवी लागते: चाकं काढून आख्खी सायकल पिशवीत, एकही भाग बाहेर दिसता कामा नये. जेआर या जपानी रेल्वेचा नियम असा की तीन बाजूंची बेरीज २५० सेंटिमीटर, वजन ३० किलोच्या आत, वेगळं भाडं नाही. शिनकानसेनमध्ये डब्याच्या शेवटच्या रांगेमागे जागा असते, ती रांग आधी आरक्षित केलीत तर निवांत. घरी दहा वेळा सायकल पिशवीत भरून काढून बघा, फलाटावर शिकू नका.

विमानाचा मोठा खोका हा वेगळा गुंता. सामान पुढच्या मुक्कामी पाठवणारी ‘ताक्युबिन’ सेवा अप्रतिम आहे. बॅग सकाळी हॉटेलात दिली की बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात हजर. पण ही सेवा देणाऱ्या कुरोनेको यामातो कंपनीची मर्यादा तीन बाजू मिळून २०० सेंटिमीटर आणि ३० किलो, सायकलचा कडक खोका त्यात बसत नाही. सोपा उपाय: येताना-जाताना ओसाकाच्या एकाच हॉटेलात राहा आणि खोका तिथे ठेवायची परवानगी आरक्षणाच्या वेळीच मागा. कपड्यांची बॅग मात्र ताक्युबिननं मात्सुयामाला आणि मग थेट नाकामुराला पाठवा. सायकलवर दोन लहान पिशव्या पुरतात.

नियम थोडक्यात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, एवढी मोठी चिंता मिटली. शेजारी शेजारी चालवायचं नाही, गप्पा मारायच्या त्या सायकल थांबवून. हेल्मेट एप्रिल २०२३पासून सर्वांनी घालावं असा कायदा आहे. चालवताना फोन हातात धरणं आणि दारू पिऊन सायकल चालवणं यांवर नोव्हेंबर २०२४पासून कडक शिक्षा आहेत, आणि एप्रिल २०२६पासून १६ वर्षांवरच्या सायकलस्वारांना जागीच दंडाची पावती मिळण्याची पद्धत लागू. फोन हँडलवर बसवला तरी टक लावून बघू नका. एहिमे प्रांतात सायकलस्वारानं दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा काढणं बंधनकारक आहे, तुमच्या प्रवासविम्यात ते कलम आहे का ते वाचा. पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९.

महिना: ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. सप्टेंबर वादळांचा. जून ते जुलैचा मध्य पावसाळा. ऑगस्ट तर विचारू नका, याच एकावासाकीत १२ ऑगस्ट २०१३ला ४१ अंश नोंदले गेले, तेव्हाचा तो जपानचा उच्चांक होता. एप्रिलअखेर ते ५ मेचा ‘गोल्डन वीक’ टाळा, खोल्या मिळत नाहीत.

या मार्गाचा आणखी एक गुण म्हणजे बहुतेक वाटेत रेल्वे जवळच असते. इमाबारीपासून मात्सुयामा, नागाहामा, ओझू, उवाजिमा या सगळ्या टप्प्यांवर योसान मार्ग आहे. गुडघा दुखला, पाऊस लागला, तर रिंको पिशवी काढा आणि पुढच्या मुक्कामी गाडीनं जा. फक्त उवाजिमा-एकावासाकी पट्ट्यातल्या योदो मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, तिथलं वेळापत्रक आदल्या रात्री फोनमध्ये साठवून ठेवा. नाकामुराहून परतताना कोचीपर्यंत जलद गाडी, पुढे ओकायामा, मग शिनकानसेन. सकाळी निघालात तर संध्याकाळी ओसाका.

आरक्षणाचा क्रम असा लावा: आधी एकावासाकी, कारण शिमांतोकाठी खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग सेतोदा, मग ओझू. मात्सुयामा, इमाबारी आणि उवाजिमात व्यवसायासाठी येणाऱ्यांची साधी हॉटेलं असतात, कपडे धुवायचं यंत्रही असतं, ती शेवटी केली तरी मिळतात. सायकल कुठे ठेवायची ते प्रत्येकाला आधी विचारा, काही जण खोलीत नेऊ देतात, काही जण ओसरीत उभी करायला सांगतात. रोख येन जवळ ठेवा. खेड्यात कार्ड बऱ्याचदा चालत नाही आणि परदेशी कार्डावर पैसे देणारं एटीएम शोधायला पुढच्या सेव्हन-इलेव्हनपर्यंत जावं लागतं. व्हिसाच्या अर्जासोबत दिवसवार मुक्कामांचा तक्ता द्यावाच लागतो, तेव्हा हे सगळं तिकिटं काढायच्या वेळीच ठरवून टाका.